मरियेच्या सोबतीला कोण होतं?

कोल्हापूर, १९ नोव्हेंबर १९७४

चि. नीला,

तुला आठवा महिना लागलाय, असं समजलं. धोंडुबाईंनी काल दुजोरा दिला. तारीख नाताळ आणि संक्रांत यांच्या मधली आहे, असं त्या म्हणाल्या. बातमी आधी बाजारात कानावर आली होती. पण इतकी वर्षं वृत्तपत्रात काढल्यावर एका तोंडची गोष्ट खरी धरवत नाही, म्हणून मिशनच्या कंपाउंडात गेलो. धोंडुबाई आता हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यात, पण तुमच्या नर्सिंगच्या पोरींची सगळी पत्रं अजून त्यांच्याकडेच येतात. व्हरांड्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "अप्पा, बापाला सगळ्यांच्या मागनं कळतंय व्हय?" म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवून माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

या पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. दिवाळीची पुरवणी नुकती संपलीय आणि आता संपादकांना नाताळची पुरवणी काढायचीय. मोठा लेख माझ्याकडे आलाय. येशूच्या जन्माची गोष्ट आली कुठून, तिचा अर्थ काय, असा विषय. "तुमच्या घरात आता माहितगार जावई आहे," असं ते सगळ्या डेस्कसमोर म्हणाले. टोमणा होता की सोय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वीस डिसेंबरला मजकूर द्यायचाय. तेव्हा तुमच्याकडे जालन्याला नाताळ कसा करतात, देखावा मांडतात का, शमुवेलना लहानपणी ही गोष्ट कुणी सांगितली, हे सवडीनं लिहून पाठव.

बाळंतपणाचं म्हणशील तर इथं जरा अडचण आहे. मधल्या खोलीत भाडेकरू ठेवलाय. संकेश्वरचा आहे, कॉलेजला. त्याला मधेच उठवता येत नाही. अक्काचे गुडघेही दुखतात; माझी थोरली बहीण ती, तिचंही वय झालं.

बाकी ठीक. तू गेल्यापासून माझं लिखाण छापायच्या आधी कुणी ऐकत नाही. अक्काला वाचून दाखवायला गेलो की ती म्हणते, "छापल्यावर बघू की." छापल्यावर ती त्यात मिरच्या बांधून ठेवते.

तुझा,
अप्पा


कोल्हापूर, ३० नोव्हेंबर १९७४

चि. नीला,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला दारात गाठून विचारलं, तर म्हणाला, "आलं तर मी काय ठिऊन घीन व्हय, अप्पा?"

लेखाचं काम सुरू केलंय. इथल्या एका निवृत्त पाळकसाहेबांकडे जाऊन बसतो. पुस्तकं भरपूर आहेत, ऐकू कमी येतं. त्यामुळे मी ओरडून विचारतो आणि ते हळू उत्तर देतात. मला वाटत होतं, गोष्ट एक आहे. तशी ती नाही. चार शुभवर्तमानांपैकी दोनच जन्माचं सांगतात, आणि दोघांचं सांगणं निराळं. एकात शिरगणती आहे, प्रवास आहे, गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. दुसऱ्यात यांतलं काहीच नाही. तिथं तारा आहे, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, पोरं मारणारा राजा आहे आणि मग रातोरात पळून जाणं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन वार्ताहरांनी दोन बातम्या पाठवल्या, आणि पुढं कुणी उपसंपादकानं त्या एकाच मथळ्याखाली लावल्या. मी हे ओरडून सांगितल्यावर पाळकसाहेब बराच वेळ हसले. म्हणाले, "लावल्या खऱ्या, पण लावणाऱ्याला नावं ठेवू नका. दोघांनाही एकच सांगायचं होतं. देव आला तो कुठं आला, ते."

पंचवीस डिसेंबर ही तारीख दोघांकडेही नाही. ती रोममध्ये तीनशे-सव्वातीनशे वर्षांनी ठरली. ज्ञानी लोक तीन होते, असंही कुणी लिहिलेलं नाही. बैल आणि गाढव तर मुळात नाहीतच, ते नंतर आले. मला बैलाचं वाईट वाटलं.

हे सगळं जेवताना अक्काला सांगितलं. सांगण्यासारखं दुसरं कुणी नसतं. आम्ही दोघं अबोल्यात आहोत असं समजू नकोस. दूध आलं का, भाजी कुठली, एवढं रोज बोलतो. त्या दिवशी मात्र ती भाकरी मोडायची थांबली.

"पहिलटकरीण हुती का ती पोरगी?"

"होय."

"दिस भरल्याली?"

"होय."

"आन तिला घिऊन तो निघाला आपल्या गावाला?"

"शिरगणती होती अक्का. सरकारचा हुकूम होता."

"हुकूम बाप्याला आसंल. पोरीला माहेरात ठिवायची. पहिलं बाळंतपण माहेरात, हे काय सरकारानं सांगाय पायजे? तिची आई कुठं गेलती?"

"पुस्तकात तिच्या आईचा उल्लेख नाही."

"लिवणारा बाप्याच आसनार."

मी हसलो. तीही हसणार होती. मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. ताटं उचलून ती मोरीवर गेली. दोनच ताटं होती, पण बराच वेळ घासत राहिली.

तब्येत जप. थंडीत स्वेटर घालत जा.

तुझा,
अप्पा


कोल्हापूर, ८ डिसेंबर १९७४

चि. नीला,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी असल्या तरी अक्षर तुझं आहे, हे पाहून बरं वाटलं. "मी जागा मागितली नव्हती. भाडेकरू दसऱ्याला गेला हे मला धोंडुबाईंनी कधीच कळवलंय." बरोबर आहे. मधली खोली रिकामी आहे. त्यात तुझी सायकल आहे आणि ज्वारीचं एक पोतं आहे.

आता तुला लेखातली एक गंमत सांगतो. जागा नाही म्हणून दार लावून घेणारा धर्मशाळेवाला आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी शाळेच्या नाटकात कुणीतरी मिशा लावून तो होतो. पाळकसाहेब म्हणतात, हा माणूस कुठल्याच शुभवर्तमानात नाही. जागा नव्हती एवढंच तिथं आहे. नाही म्हणणारा माणूस लोकांनी मागाहून उभा केला. मी विचारलं, का? ते म्हणाले, "जागा नव्हती, एवढ्यावर माणसाचं भागत नाही. कुणाला तरी बोल लावायला लागतो."

तू कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस की पायांना सूज आहे, दाब वाढलाय आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केलाय. ते कडेला का लिहिलंस? मथळ्यात जायची गोष्ट होती. शमुवेलना रात्रपाळी, त्यांना आई नाही, शेजारची बाई गावाला गेलेली. म्हणजे संध्याकाळी सहापासून तू एकटी. मी हे तीनदा वाचलं.

मी एकटा येऊ शकतो. पण येऊन करणार काय, ते मला कळत नाही. भातसुद्धा मला कुकरशिवाय जमत नाही. आणि दुसरंही कारण आहे. अक्काला इथं ठेवून मी आलो, तर ती मला थांब म्हणणार नाही. पण मग ती तुझ्याकडे कधीच येणार नाही, आणि या घरात दोन माणसांची दोन घरं होतील. तू तिला माझ्याइतकीच ओळखतेस. तुझी आई गेल्यावर तिनं तुला वाढवलं. तुम्ही दोघंही लग्नाची नोंदणी करून पाया पडायला आलात, तेव्हा ती म्हणाली की या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाय ठेवायचा नाही, बाळंतपणाला सुद्धा नाही. रागात बोलली. पण रागात बोलली तरी ती शब्द मागं घेत नाही. वडिलांच्या वेळी तांब्याभर ताकावरून चुलतीशी बोलणं बंद केलं होतं, ते चुलती गेली तरी बंदच राहिलं.

एक गोष्ट मात्र तुला माहीत असायला हवी. तू जाताना तुझं गळ्यातलं इष्टलिंग देवघरात ठेवून गेलीस. ज्याचं लिंग त्यानंच पुजायचं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, हे मला वेगळं सांगायला नको. अक्का रोज सकाळी आपली पूजा झाली की तळहातावर तुझं घेते. विभूती लावते, बेल वाहते. एकदा मी बघितलं तर म्हणाली, "उपाशी ठिवू व्हय त्याला?" मी पुन्हा त्या वेळी तिकडं गेलो नाही.

पाय उशीवर ठेवून निजत जा. हे मी तुला सांगायला नको, तू नर्स आहेस. तरी सांगतो.

तुझा,
अप्पा


कोल्हापूर, १३ डिसेंबर १९७४

चि. नीला,

काल मुरगूडच्या बाजूला गेलो होतो. जनावरांच्या प्रदर्शनाची बातमी होती. दुपारी तिथल्या एकानं जेवायला घरी नेलं. घरात लग्न होतं. सोप्यात पावण्यांची एवढी गर्दी की चपला काढायला जागा नव्हती. मालक म्हणाले, "आत या की पावणं, आत ऐसपैस हाय," आणि मला थेट आत घेऊन गेले.

तसली घरं तू पाहिलीयस. दारातून शिरलं की एका अंगाला खाली बैल आणि म्हैस, दोन पायऱ्या चढलं की माणसांची बसा-उठायची जागा, आणि दोन्हींच्या मधे, जोत्याच्या कडेला, गव्हाण. जनावरं खालून तोंड घालतात, वैरण वरून टाकायची. त्या गव्हाणीच्या रिकाम्या टोकाला वाकळ घालून एक तान्हं पोर झोपवलं होतं. पलीकडे म्हैस रवंथ करत होती. मी बघत राहिलो, तसं त्याच्या आईला वाटलं मी नावं ठेवतोय. "खाली ठिवलं तर कुनाचा बी पाय पडतोय जी. हितं उबदार ऱ्हातंय, आन घरंगळत बी न्हाई," ती म्हणाली. तिच्या सासूनं मागून सुनावलं, "माझी पाच बी ह्यातच वाढल्यात."

पाळकसाहेबांनी मला गेल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं, पण ते मी नुसतं टिपून घेतलं होतं. त्या मुलखातली गरिबांची घरं अशीच असत, एकाच छपराखाली माणसं आणि जनावरं. आता काही पंडित म्हणतात की तो माणूस आपल्या मूळ गावी गेला होता, तिथं त्याचे भाऊबंद असणार. पावण्यांची जागा आधीच भरलेली होती, म्हणून घरच्यांनी दोघांना आत, आपल्या वावरायच्या जागेत घेतलं, आणि गव्हाण तिथंच होती. सगळ्या पंडितांचं यावर एकमत नाही, हेही लेखात लिहावं लागेल. पण मला ते पटलं. दोन हजार वर्षं लोक समजत आलेत की जागा नव्हती म्हणून त्यांना बाहेर काढलं. जागा नव्हती म्हणून आत सरकवलं असेल, तर गोष्ट सगळीच फिरते.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"म्हंजे बाया हुत्या घरात?"

"असणार. भाऊबंदांचं घर म्हटल्यावर जावा, सासवा, सगळ्याच असणार."

"मग आधी सांगायचं की तम्मा! मी हितं पंदरा दिस त्या पोरीपायी जीव जाळत बसलीया."

"मला तरी कुठं माहीत होतं?"

"मोठा पेपरवाला." लसणाची टोपली तिनं ढकलली. जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "आन आपल्या पोरीजवळ कोन हाय?"

आपल्या पोरीजवळ. दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी खरं ते सांगितलं. संध्याकाळी सहानंतर कुणी नाही. सूज आहे. दाब आहे. तिनं टोपली पुन्हा ओढून घेतली आणि गरजेपेक्षा फार जास्त लसूण सोलून ठेवला. आठवडाभर संपायचा नाही.

तुझा,
अप्पा


कोल्हापूर, १८ डिसेंबर १९७४

चि. नीला,

तू लिहिलंस की शमुवेलना ही गोष्ट त्यांच्या आजोबांनी पेटीवर भजन म्हणत सांगितली, आणि त्यात मेंढपाळ म्हणजे चक्क घोंगडीवाले धनगर असत. ते मी लेखात घेतलं. नाव घातलेलं नाही. तुझं पत्र या वेळी दोन पानं होतं, त्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही.

आता कंपाउंडातला प्रकार. पुरवणीला चित्र हवं होतं आणि आमच्याकडे जन्माच्या देखाव्याचा छपाईचा ठोकळा नाही. धोंडुबाईंनी यंदा मिशनच्या देवळाच्या व्हरांड्यात मातीचा देखावा मांडायचं ठरवलंय, त्याचाच फोटो घेऊ म्हटलं. बाहुल्या पिराजी कुंभारानं केल्यात. तो वर्षभर बेंदराचे बैल आणि गौरीचे मुखवटे करतो, त्यामुळे त्याच्या बेथलेहेमातल्या बैलाला रंगवलेली शिंगं आणि झूल आहे. योसेफाला फेटा आहे. एक कोंबडीही आहे. ती कुठून आली म्हणून विचारलं तर म्हणाला, "घर म्हटल्यावर कोंबडी नगं व्हय?"

फोटोग्राफर उजेडाची वाट बघत होता तेवढ्यात फाटकातून अक्का आली. हातात पिशवी होती. भाजीला निघाली होती म्हणे. आपल्या घरापासून मंडई कुठं आणि मिशन कुठं, हे तुला सांगायला नको. माझ्याकडे न बघता देखाव्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काय चुकलं का आज्जी?" पिराजीनं विचारलं.

"सगळंच चुकलंय. काल बाळंत झाल्याली बाई गुडघं टेकून बसती व्हय? पाठ मोडंल की तिची."

"देवाची आई हाय आज्जी ती."

"देवाची आसली तरी बाळंतीणच न्हवं? आन हे काय, कान उघडं? डिसेंबराचं वारं सुटलंय, आन पोरीच्या कानाला फडकं न्हाई?"

पिराजी म्हणाला, आता माती वाळली, फडकं घालता येणार नाही. अक्कानं पिशवी खाली ठेवली. पदराच्या कडेची एक पट्टी टर्रकन फाडली आणि त्या वीतभर मूर्तीच्या डोक्यावरून कानांना घट्ट गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली. धोंडुबाईंनी फोटोग्राफरला खूण केली, असाच काढ म्हणून. तसाच छापून येणार आहे. संपादक काय म्हणतील ते म्हणोत.

मग दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. वर्षानुवर्षं या दोघी एकमेकींना ओळखतात आणि टाळतात. अक्कानं विचारलं, "दाब वाढतोय म्हंजे काय हुतंय?" धोंडुबाईंनी आडपडदा ठेवला नाही. काय होतं, कधी होतं, काय बघायचं, कुठलं लक्षण दिसलं की क्षणभर थांबायचं नाही, सगळं सांगितलं. तुला हे ठाऊकच आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. धोंडुबाईंना एवढंच ठाऊक नव्हतं की तुझ्या आईचेही पाय असेच सुजले होते. तू तीन वर्षांची होतीस आणि तुझ्या पाठचं येणार होतं. तेव्हा घरात अक्का होती. मी पेपरात होतो. अक्का उठताना म्हणाली, "मला ठावं हाय त्या सुजंचं तोंड."

लेख पुरा करत आणलाय. त्यात शेवटी एवढंच म्हटलंय की मूळ गोष्टीत ती पोरगी जवळजवळ एकटी आहे. लोकांना ते बघवलं नाही. म्हणून कुणी बैल आणला, कुणी गाढव, कुणी जुन्या काळी एक सुईण आणली, राजे आणले, इटलीतल्या एका साधूनं तर खरीखुरी जनावरं उभी केली. सातशे-आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्याला जे जवळचं, ते त्यानं तिच्या सोबतीला नेऊन ठेवलं. पाळकसाहेबांना विचारलं, हा अर्थ चालेल का? ते म्हणाले, आमच्या शिकवणीत अर्थ याहून मोठा आहे, देव माणसांत राहायला आला हा. मग म्हणाले, पण राहायला आला म्हटल्यावर सोबत आलीच.

अक्काला मी जालन्याचं काही विचारत नाही. तिला विचारलं की ती नाही म्हणते. तिला स्वतःहून यावं लागतं.

डोकं दुखायला लागलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली तर सकाळची वाट बघू नकोस. शेजारची बाई नसली तरी गल्लीत कुणालाही उठव.

तुझा,
अप्पा


कोल्हापूर, २१ डिसेंबर १९७४

चि. नीला,

लेख काल दिला. तीन ओळी कापल्या, बाकी तसाच गेला. कोंबडी कापली नाही.

आज सकाळी अक्का चहाचा कप घेऊन माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "जालन्याला थंडी किती आसती?"

मी म्हटलं, काल किमान तापमान दहा होतं.

"दहा म्हंजे?"

"म्हणजे दोन वाकळा."

"तीन घिऊ." कप खाली ठेवला. "तम्मा, मी काय म्हटलं हुतं? तिनं ह्या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई. आसंच न्हवं?"

"असंच."

"मी तिच्या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई, आसं म्हटलं हुतं व्हय?"

"नव्हतं."

"मग बसलायस कशाला? तिकिटं काढ की."

तिकिटं काढली. चोवीस तारखेच्या गाडीनं पुण्याला, तिथून पहिल्या एस.टी.नं नगर, औरंगाबाद करत जालना. पंचवीसला संध्याकाळपर्यंत पोचू असं चौकशीवाल्यानं सांगितलं. या पत्राच्या आधी आम्ही येण्याची शक्यता आहे, म्हणून तारही करतोय. संपादकांनी मला पंधरा दिवसांची रजा दिलीय. अक्का सव्वा महिन्याच्या आत परत यायची नाही. ते तिनं मला सांगितलेलं नाही, पण तिच्या ट्रंकेवरून दिसतंय. त्यात आळीव, डिंक, खोबरं, ओवा, शेपा आहेत, तुझ्या लहानपणची कुंची आहे, आणि जुन्या साड्यांची दुपटी आहेत. ती तिनं कधी शिवली ते मला माहीत नाही. आमच्या घरात रात्री दिवा जळताना मी पाहिलेला नाही. दिवसा, मी पेपरात असताना शिवली असणार.

शमुवेलना काही गोष्टी आधी सांगून ठेव. ती स्वतःचा स्टोव्ह, तवा आणि पीठ घेऊन येतेय. तुमच्या भांड्यात शिजलेलं ती खाणार नाही. त्यांनी मनाला लावून घेऊ नये, ती माझ्या ऑफिसातल्या चहालाही हात लावत नाही. सकाळी तिला पूजेला कोपरा लागेल. भिंतीवर तुमचं जे काही असेल ते काढू नका. ते काढलं तर तिला जास्त राग येईल. तुम्ही तिला घाबरलात असं तिला वाटता कामा नये.

बाळाच्या गळ्यात काय बांधणार, लिंग की क्रूस, हे ती विचारेल. आज दुपारी मला विचारलं. मी म्हटलं, ते त्याच्या आईबापांना विचार. "आईबापांना काय कळतंय?" म्हणाली. यावर तुमचं भांडण होणार आहे. होऊ दे. पण बाळ झाल्यावर, आणि तुझा दाब उतरल्यावर. तोवर ती तो विषय काढणार नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. शब्द दिला की ती पाळते, तेवढं तुला माहीत आहे.

स्टँडवर कुणी येऊ नका. शमुवेलना त्या दिवशी देवळात जायचं असेल, त्यांनी जावं. आम्ही विचारत विचारत येऊ. फक्त दार तू उघड. ती उंबऱ्याच्या बाहेर थांबेल. ये म्हटल्याशिवाय आत येणार नाही, तेव्हा ये म्हण. ती आधी तुझ्या पायांकडं बघेल. सूज कुठवर चढलीय ते पाहून झालं की मग तोंडाकडं बघेल. तेवढा वेळ काही बोलू नकोस आणि रडू नकोस. मग ती बहुतेक ओरडेल, असल्या पायांनी दारापर्यंत चालत कशाला आलीस म्हणून.

तेव्हा खाली बस.

तुझा,
अप्पा